हो म्हणजे पोच नाही

देशाचा आवाज देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवणं हे राष्ट्रीय प्रसारणाचं पवित्र कर्तव्य आहे. तो तिथे पोहोचल्यावर ऐकून घेणं हे कोणाचं कर्तव्य, याबद्दल मात्र कुठे काही लिहिलेलं नाही. जयपुरात, बनी पार्कात, मी राहतो त्या घराच्या तळमजल्यावर पुंडलिक गजभिये नावाचे गृहस्थ राहतात. ही रिकामी जागा त्यांनी स्वतःहून भरून काढली आहे.

गजभिये साहेब सरकारी प्रसारणाचे सगळे पॉडकास्ट ऐकतात. 'सगळे' हा शब्द आपण बोलताना वापरतो तसा सैल इथे वापरलेला नाही. जेवढे निघतात तेवढे, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, सुरुवातीच्या सनईसकट.

मी बँकेतला माणूस. बदली होऊन साताऱ्याहून इथे आलो, मुलीच्या शाळेपायी कुटुंब तिकडेच राहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. पहिल्याच सकाळी जिना उतरलो तर व्हरांड्यात सत्तरीचे एक गृहस्थ कानाला भलेमोठे हेडफोन लावून, पाठ ताठ ठेवून बसले होते. समोर लांबरुंद डायरी, हातात पेन्सिल. मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. चारेक मिनिटं मी शेवटच्या पायरीवर तसाच उभा होतो. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, डायरीत वेळ टाकली, हेडफोन उतरवला आणि म्हणाले, "हं. पोचली एकदाची. बोला."

"काय पोचली?"

"शेळ्यांमधले जंत. भाग तिसरा. सहा मिनिटं लेट."

गजभिये साहेब रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. हा माणूस प्रवाशांना कधी दिसत नाही. एका बंद खोलीत कानाला फोन लावून तो आठ तास बसतो. त्याच्या टप्प्यातले सगळे स्टेशनमास्तर त्याच्या कानात बोलत असतात, आणि कोणती गाडी कुठे आहे, कोणाला थांबवायचं, कोणाला पुढे काढायचं, हे तो समोरच्या तक्त्यावर पेन्सिलीने ओढत राहतो. हे त्यांनी तेहतीस वर्षं केलं. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण नोकरी सगळी राजस्थानात. प्रत्येक नावामागे 'जी' लावायची त्यांची सवय जयपूरची असेल, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "नाही जी. 'जी' आमच्या भंडाऱ्याचा आहे. जयपूरवाल्यांनी आमच्यापासून घेतला."

निवृत्तीनंतर मुलाने पुण्याहून नवा फोन पाठवला, फोनमध्ये प्रसारण संस्थेचं अ‍ॅप होतं, आणि गजभिये साहेबांना पुन्हा सेक्शन मिळाला.

सरकारी प्रसारण म्हणजे बातम्या, हवामान आणि शोकसंगीत, एवढीच माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. या देशात इतके विषय आहेत हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. शेळ्यांमधल्या जंतांवर पाच भागांची मालिका आहे. अवकाशातल्या कचऱ्यावर आहे. संस्कृतमधून बातम्या आहेत, त्यात क्रिकेटचा सामना अनिर्णित राहिला तरी युद्ध थांबल्यासारखं वाटतं. एक निवृत्त न्यायाधीश ग्राहकांना त्यांचे हक्क समजावून सांगतात, ते अशा स्वरात की ऐकणाऱ्याने असलेले हक्कही परत करावेत. पोषण आहे, पेन्शन आहे, पाणथळ जागा आहेत. प्रत्येक भागात पाहुणा पहिल्या प्रश्नाला "बहुत अच्छा प्रश्न किया आपने" म्हणतो आणि मग दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. शिवाय ईशान्येकडच्या डोंगरातल्या कुठल्याशा बोलीत एक म्हातारी लोककथा सांगते. ती बोली गजभिये साहेबांना येत नाही. जयपुरात कोणालाच येत नसावी.

"मग ऐकता कशाला?" मी विचारलं.

"मालगाडीत काय भरलं आहे ते डबा उघडून पाहतो का आपण? गाडी आली, गाडी गेली, लिहून ठेवायचं."

"दीडपट वेगाने ऐका. लवकर उरकतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाल सिग्नल ओलांडायला सांगितलं होतं. "पाटणकरजी, वेग ड्रायव्हरनं ठरवायचा असतो. कंट्रोलनं फक्त पाहायचं असतं."

त्यांच्या डायरीतले रकाने रेल्वेचेच होते. गाडी, म्हणजे कार्यक्रमाचं नाव. सुटली. पोचली. मग रुंद असा शेऱ्याचा रकाना. आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना, त्यावर 'नंबर' असं लिहिलेलं आणि त्यात लाल पेन्सिलीने दोन आकडी संख्या. संस्कृत बातम्या ८३. शेळ्या १७. न्यायाधीश ५४. हे गुण आहेत, असं मी धरून चाललो. पोषणाला ९१ मिळालेले पाहून मला साहेबांच्या निवडीचा अंदाज येईना, पण सरकारी परीक्षकांच्या बाबतीत तो मला कधीच आलेला नाही.

शेरे मात्र वाचण्यासारखे होते. 'पाहुणा तज्ज्ञ असावा. काही समजले नाही.' 'निवेदकाने घोट घेतला. चहा असावा, आवाजावरून.' म्हातारीच्या लोककथेपुढे एकदा असं लिहिलेलं: 'भाषा समजली नाही. बाई दोनदा हसली. मागे कोंबडा.'

या बारकाव्यांचं मला हसू यायचं. तेहतीस वर्षं गाड्या नोंदवलेल्या माणसाला नोंदवायला काही तरी लागतं, आणि आता कोंबडा मिळाला, असं मी समजत होतो.

भाग वेळेवर आला नाही की ते प्रसारण संस्थेला पत्र लिहीत: 'आपला अवकाशातील कचरा बावीस मिनिटे उशिरा धावत आहे.' प्रत्येक वेळी एकाच वाक्याचं उत्तर येई: 'आपके सुझाव के लिए धन्यवाद.' ते पत्र मला दाखवून साहेब म्हणत, "ही पोच नाही."

'पोच' हा त्यांचा परवलीचा शब्द. त्यांच्याशी बोलताना "हो हो" म्हणून सुटका करून घेण्याची सोय नव्हती. नळाला पाणी कधी येतं ते त्यांनी सांगितलं आणि मी "हो" म्हणालो, की लगेच, "हो म्हणजे पोच नाही जी. काय समजलं ते सांगा." मग मी शाळेतल्या मुलासारखा म्हणायचा, "सकाळी सहा ते सव्वासात." "हं. आता पोचलं."

गेल्या सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या अध्यक्षांना ही राष्ट्रसेवा कळली. झेंडावंदनानंतर माइक हातात घेऊन त्यांनी 'राष्ट्र की वाणी के सजग प्रहरी' अशी साहेबांची ओळख करून दिली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. साहेबांनी खिशातून कागद काढला. या आठवड्यात किती सुटले, किती पोचले, किती रद्द, हे वाचून दाखवलं. मग शेळ्यांना जंताचं औषध कधी द्यावं ते सविस्तर सांगितलं. कॉलनीत शेळी कोणाकडेच नाही. अध्यक्ष मान डोलावत होते. "वाह, बिलकुल, बिलकुल," ते म्हणाले.

"अध्यक्षजी," साहेब माइकवरूनच म्हणाले, "बिलकुल तो ठीक है. समझे क्या, वो बताइए."

राष्ट्रगीत त्या दिवशी जरा लवकरच सुरू झालं.

घरात दुसरी व्यक्ती एकच, विमलताई, साहेबांच्या पत्नी. उंच, सडसडीत, कपाळावर चष्मा सरकवलेला. चार वर्षांपूर्वी एका तापानंतर त्यांना ऐकू येणं बंद झालं. कानातलं यंत्र आणलं, पण त्यातून गिरणी चालू असल्यासारखा आवाज येतो म्हणून ते कपाटात गेलं. ताई बोलतात व्यवस्थित, फक्त अंमळ मोठ्याने. साहेबांच्या ओठांवरून त्यांना थोडंफार कळतं. माझ्या ओठांवरून काहीच कळत नाही. "तुमच्या मिशीआड काही दिसतच नाही भाऊ," त्या म्हणतात, म्हणून माझ्यासाठी दाराशी एक पाटी टांगलेली असते. बुद्धपौर्णिमेला त्या मला खीर आणून देतात आणि मी पाटीवर 'छान' लिहितो.

दिवसभर पॉडकास्ट ऐकणाऱ्या माणसाला ऐकू न येणारी पत्नी लाभणं हा योग उत्तम आहे, असं कॉलनीचं मत होतं. निदान घरातून तक्रार नाही. माझंही मत तेच होतं. ते फार विचार करून बनवलेलं नव्हतं, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

मार्चमध्ये साहेबांचे कान सुजले. हेडफोनचाच प्रताप. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सोडाला भागातल्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरने दोन्ही कान तपासले, औषध घातलं, कापूस कोंबला आणि म्हणाला, "अंकल, दस दिन कानों की छुट्टी. कुछ नहीं सुनना."

"क्या?" साहेब म्हणाले.

"बस, यही चाहिए," डॉक्टर मला म्हणाला.

घरी आल्यावर व्हरांड्यात बसून त्यांनी डायरी मांडीवर घेतली आणि कापसामुळे स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ओरडून म्हणाले, "कंट्रोलरला खुर्ची सोडता येत नाही, पाटणकरजी! बदली माणूस आल्याशिवाय लघवीलाही उठत नव्हतो आम्ही! दहा दिवस तुम्ही चार्ज घ्या!"

समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईने वाकून पाहिलं. मी घाईघाईने मान हलवली.

"मान हालवू नका! काय समजलं?"

मी पाटीवर लिहिलं: 'दहा दिवस. सगळे पॉडकास्ट. रोज रात्रीच्या जेवणाआधी डायरी तुमच्याकडे.'

"एकही दिवस खाली गेला नाही पाहिजे! एकही! बाकी काही झालं तरी चालते!"

मग त्यांनी डायरीत चार्ज दिल्याची वेळ लिहिली, मी चार्ज घेतल्याची वेळ लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या मी यापेक्षा कमी गांभीर्याने घेतलेल्या आहेत.

पहिला दिवस मी प्रामाणिकपणे काढला. सी-स्कीम भागातल्या ऑफिसातून सहाला परतलो आणि अडीच तास ऐकत बसलो. पोषण, पेन्शन, पाणथळ. दुसऱ्या दिवशी वेग दीडपट केला. तिसऱ्या दिवशी दुप्पट. दुप्पट वेगात न्यायाधीश लिलाव पुकारल्यासारखे वाटतात आणि खरं सांगायचं तर सुधारतात. चौथ्या दिवसापासून मी फक्त सुरुवात आणि शेवट ऐकू लागलो. मधे काय झालं असेल याचा अंदाज बांधणं अवघड नव्हतं, बँकेत माझं सगळं आयुष्य बैठकांत गेलं आहे. सहाव्या दिवशी म्हातारीची लोककथा आली. ती मी उघडलीसुद्धा नाही. कळणार नाही ते ऐकून काय नोंदवायचं? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'लोककथा. कथनशैली ओघवती. भाग रंजक व माहितीपूर्ण.' डायरी खाली दिली आणि जेवून निजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिफिन घेऊन जिना उतरलो, तर शेवटच्या पायरीशी विमलताई उभ्या. हातात डायरी, चष्मा कपाळावरून नाकावर आलेला. मागे साहेब, दोन्ही कानांत कापूस, चेहरा उतरलेला.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "याचा नंबर मी नाही देणार."

मला आधी वाटलं, मी नापास झालो. मग लक्षात आलं की परीक्षक साहेब नाहीत, ताई आहेत. लाल पेन्सिल त्यांच्याच हातात होती.

"म्हातारी खोकली का?" त्यांनी विचारलं.

मी पाटी घेतली आणि 'कोण म्हातारी?' असं लिहिलं. माझ्याविरुद्ध याहून भक्कम पुरावा कोणी देऊ शकलं नसतं.

"कोण म्हणजे? कथा सांगणारी! मागच्या खेपेला सात वेळा खोकली. त्याच्या मागच्या खेपेला चार वेळा. वाढून राह्यला खोकला. अन् तुम्ही लिहिता 'ओघवती'. इतकं खोकल्यावर ओघवती कशी राहीन ती?" त्यांनी डायरीवर बोट आपटलं. "आणि काल, परवा, हे सगळं काय आहे? 'माहितीपूर्ण'. 'उपयुक्त'. पाहुणा कसा होता, म्हातारा का जवान, निवेदक वैतागला का, काही नाही. हे ऐकून लिहिलेलं नाही भाऊ. हे ऑफिसातलं आहे."

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अहवालांची इतकी अचूक तपासणी कोणी केली नव्हती.

मी साहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीवर बसले आणि मला जवळ बोलावून हळूच सांगायला लागले. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे हळूच. कानात कापूस असल्याने ते बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू जात होतं. डायरी साहेबांपुढे ठेवून ताई बाजूलाच, पाठमोऱ्या, लाल पेन्सिलीला टोक करत होत्या. गल्लीत ऐकू जात नव्हतं ते फक्त त्यांना.

"रेडिओ तिचा होता जी! माझा नाही! रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दिवसभर चालू. काय काय ऐकायची! मी आठ तास कानात सगळा सेक्शन घेऊन घरी यायचो, अन् दारातूनच म्हणायचो, बंद कर तो डबा. तेहतीस वर्षं म्हटलं! ती बंद करायची!"

पापडवाली बाई गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिली होती.

"मग कान गेले तिचे. आवाज गेला ते गेलाच, पण तिनं एक शिकून घेतलं. कोणी काही बोललं का मान हालवायची. दूधवाला बोलला, हो. पोरगा फोनवर दिसला, हो. मी म्हटलं गॅस संपला, तरी हो! हसून हो! वर्षभर तिनं मला एक प्रश्न नाही विचारला पाटणकरजी. घरात होती, पण..." त्यांनी हाताने दूर कुठे तरी दाखवलं. "कंट्रोलमध्ये आम्ही नुसत्या 'हो'वर गाडी नाही सोडत. स्टेशनमास्तरजवळ आकड्यांचा एक कागद असतो. निरोप दिला, त्याला समजला, त्यानं लिहून घेतला, का मग तो त्या कागदावरचा पुढचा आकडा सांगतो. प्रायव्हेट नंबर. तो इकडं लिहायचा, तिकडं लिहायचा. मग समजायचं, का तिकडं खरंच माणूस बसला आहे."

त्यांनी डायरी उघडून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद मला दाखवला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी आखून दिलेले आकडे होते, कुठलाही क्रम नसलेले, आणि वापरलेल्या प्रत्येक आकड्यावर लाल फुली. तीन-चार कागद संपून गेलेले दिसत होते.

"मी म्हटलं हिला, मी ऐकतो, लिहितो, तू वाच. समजलं तर नंबर दे. नाही समजलं तर नको देऊ. पहिले दोन महिने नुसतीच देत गेली. मग ही म्हातारी आली. मी लिहिलं, बाई खोकली. तर हिनं नंबर नाही दिला! मला म्हणे, काहून खोकते? वर्षभरानंतर पहिला प्रश्न, पाटणकरजी! काहून खोकते! मी तो भाग पुन्हा ऐकला. तीन वेळा!" त्यांनी श्वास घेतला. "काल तुमची ओघवती वाचली तर मला वाटलं, नुसती मान हालवून देऊन टाकते का नंबर. मग पुन्हा तेच सुरू होते. नाही दिला म्हणून बरं वाटलं. पण आज तिला सांगायचं काय? मी तर ऐकू नाही शकत!"

ताईंनी मागे वळून आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काय म्हणून राह्यले हे? ओरडून राह्यले का?"

मी पाटीवर लिहिलं: 'मला रागावले.'

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

ऑफिसला उशीर होणार होता. मी टिफिन पायरीवर ठेवला, त्याच्या शेजारी बसलो, फोन काढला आणि म्हातारीचा भाग लावला. साध्या वेगाने. सनईसकट.

चोवीस मिनिटं अनोळखी भाषा ऐकणं ही गोष्ट मी त्याआधी कधी केली नव्हती. शब्द कळत नसले की बाकीचं सगळं कळायला लागतं. म्हातारीला दात कमी असावेत. ती जमिनीवर बसली असावी, कारण मधेच उठल्यासारखा कण्हण्याचा आवाज आला आणि मग ती लांबून बोलू लागली. कोंबडा ओरडला तेव्हा मी डोक्यावर हाताचा तुरा करून दाखवला. ताईंनी साहेबांना कोपर मारून खूण केली: आला. म्हातारी हसली, मी एक बोट दाखवलं. पुन्हा हसली, दोन. अठराव्या मिनिटाला ती वाक्याच्या मधेच थांबली आणि तिने खोल श्वास घेतला. त्याच वेळी दूधवाल्याने फाटकातून "भैयाजी" अशी हाक मारली. मी डावा हात वर करून त्याला थांबवलं. तो तसाच उभा राहिला. पापडवाली बाईही उभी होती. म्हातारी पाणी प्यायली, तिने भांडं खाली ठेवलं आणि गोष्ट पुढे सुरू केली.

संपल्यावर मी घड्याळ पाहिलं, वेळ टाकली, आधीचा शेरा खोडला आणि लिहिलं: 'खोकला नाही. एकदा थांबली, वाटले खोकणार, पण नाही खोकली. पाणी प्यायली. तीनदा हसली. तिसऱ्यांदा स्वतःच्याच बोलण्याला. कोंबडा एक.'

ताईंनी उभ्याउभ्या वाचलं. दोनदा वाचलं.

"पाणी गरम होतं का थंड?"

मी लिहिलं: 'कळलं नाही.'

"हे खरं लिहिलं," त्या म्हणाल्या. पुठ्ठा उलटून त्यांनी कागदावरचा पुढचा आकडा पाहिला, त्यावर फुली मारली आणि रकान्यात लाल पेन्सिलीने ६२ लिहिलं. साहेबांनी मान वाकडी करून तो आकडा पाहिला आणि स्वतःच्या तळहातावर पेन्सिलीने लिहून घेतला. इकडं लिहायचा, तिकडं लिहायचा.

"बरी झाली वाटते," ताई म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.

उरलेले चार दिवस मी सगळं साध्या वेगाने ऐकलं. न्यायाधीश पूर्वीइतकेच कंटाळवाणे होते, पण त्यांची खुर्ची करकरते हे मला दुप्पट वेगात कळलं नव्हतं. त्या नोंदीला मला ३९ मिळाले. गुण नाहीत हे माहीत असूनही कमी वाटले.

दहाव्या दिवशी कापूस निघाला. साहेबांनी चार्ज परत घेतला, दोघांच्या सह्या झाल्या. त्या संध्याकाळी सवयीने मी म्हातारीच्या मालिकेचं पान उघडलं. खालची बारीक अक्षरं वाचायची खोड मला बँकेने लावली आहे. तिथे लिहिलं होतं की ही मालिका संस्थेच्या जुन्या संग्रहातली असून ध्वनिमुद्रण सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. म्हातारी तेव्हाच म्हातारी होती.

मी फोन घेऊन खाली गेलो आणि साहेबांसमोर धरला. त्यांनी हेडफोन उतरवून वाचलं, किंवा वाचल्यासारखं केलं.

"हो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

"आणि ताईंना?"

त्यांनी डायरी माझ्यासमोर सरकवली. गाडी, सुटली, पोचली, शेरा, नंबर. "याच्यात त्याचा रकाना नाही जी," ते म्हणाले आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.

जुन्या संग्रहातले भाग क्रमाने लावत नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हातारी पुन्हा खोकली, पाच वेळा. विमलताईंनी तिच्यासाठी आल्याचा रस, मध आणि चिमूटभर मिरपूड असा उपाय सांगितला आणि तो तिच्यापर्यंत पोहोचवा म्हणून साहेबांच्या मागे लागल्या. साहेबांनी प्रमाणासकट तो प्रसारण संस्थेला पत्राने कळवला. आठ दिवसांत उत्तर आलं: 'आपके सुझाव के लिए धन्यवाद.'

त्यावर नंबर नव्हता.